एका शिशाच्या शिपायातली वीस माणसे

१९७१ साली अमेरिकेत ‘चेनमेल’ नावाची एक पातळ पुस्तिका निघाली. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन या दोघांनी ती लिहिली होती, आणि मध्ययुगीन लढाया शिशाच्या छोट्या शिपायांनिशी टेबलावर कशा खेळाव्यात हा तिचा विषय होता. तिच्यात तीन प्रमाणे दिली आहेत: टेबलावरचा एक शिपाई म्हणजे रणांगणावरची वीस माणसे, टेबलावरचा एक इंच म्हणजे दहा यार्ड जमीन, आणि खेळातली एक पाळी म्हणजे युद्धातले साधारण एक मिनिट. नियमपुस्तकांतली अशी वाक्ये आपण सहसा भरभर वाचून पुढे जातो, कारण खरा खेळ पुढच्या पानांवर आहे असे आपल्याला वाटते. मला मात्र खेळाचे निम्मे सौंदर्य या तीन प्रमाणांतच साठवलेले दिसते. एका शिपायात वीस माणसे बसवली की त्या विसांचे चेहरे पुसले जातात. फासा पडतो, एक शिपाई उचलून बाजूला ठेवला जातो, आणि त्या विसांतला कोण आधी पळाला, कोण शेवटपर्यंत उभा राहिला, हे विचारण्याची सोय उरत नाही. आपण टेकडीवर उभ्या असलेल्या सेनापतीच्या जागी आलेलो असतो. खाली धुरळा आहे आणि धुरळ्यातून तुकड्यांची हालचाल तेवढी दिसते आहे. प्रमाणाचा आकडा अशी आपली उभी राहण्याची जागा नेमून देतो.

त्याच पुस्तिकेत थोडे पुढे गेलो की ही जागा बदलते. तिथे एक शिपाई म्हणजे एकच माणूस, आणि त्यासाठी वेगळे कोष्टक आहे: कोणत्या चिलखतापुढे कोणते शस्त्र किती चालते. टेकडीवरून तलवार आणि कुऱ्हाड यांतला फरक दिसत नव्हता. आता खाली उतरल्यावर तोच जीवनमरणाचा फरक होतो. आणि मग पुस्तिकेच्या शेवटी एक पुरवणी येते, जिच्यात ड्रॅगन आहेत, राक्षस आहेत, जादूगार आहेत आणि वीर आहेत. इथे खरा पेच पडतो. विसाविसांच्या निनावी गर्दीत, ज्याला नाव आहे असा एक माणूस उभा कसा करायचा? लेखकांचे उत्तर मोजक्या शब्दांत संपते. वीर चार शिपायांच्या बळाने लढतो, महावीर आठांच्या. आणि साध्या सैनिकांना वीराला मारायचे असेल तर त्यांचे चार प्राणघातक वार एकाच वेळी लागले पाहिजेत, नाहीतर त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही.

त्या ‘एकाच वेळी’वर आपण जरा रेंगाळू या. एका पाळीत तीन जीवघेणे वार लागले आणि चौथा हुकला, तर वीराला ओरखडाही नाही. पुढच्या पाळीत मोजणी पुन्हा शून्यापासून. हिशेबाच्या वहीत हे बसणार नाही. पण ज्यांनी वीरकथा ऐकल्या आहेत त्यांच्या कानाला हे तत्काळ ओळखीचे वाटते, कारण कथेतला वीर असाच तर असतो: दिवसभराच्या कापाकापीत अस्पर्श, आणि मरतो तेव्हा एका क्षणात, चहूबाजूंनी घेरला जाऊन. इथे वीराचे मोठेपण त्याच्या अंगातल्या रक्ताच्या मापाने वाढवलेले नाही. त्याला मारण्यासाठी किती जणांनी एका क्षणी एकत्र यावे लागेल, यावर ते ठरवले आहे, आणि म्हणून चौघांचा तो आकडा वीराविषयी जितके सांगतो तितकेच त्याच्या शत्रूंविषयीही सांगतो.

माणसाचे मोल माणसांतच मोजण्याची ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात युद्धाच्या तोंडावर भीष्म दोन्ही बाजूंच्या योद्ध्यांची गणना करतात, कोण रथी, कोण अतिरथी; आणि कर्णापाशी आल्यावर त्याला अर्धरथी म्हणतात. त्या एका अपूर्णांकाने सभेत आग लागते, भीष्म जिवंत आहेत तोवर लढणार नाही असे कर्ण सांगतो, आणि युद्धाचे पहिले दहा दिवस त्याच्याविना जातात. दुसरीकडे सैन्याचे मोजमाप अगदी निर्विकार आहे: एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती, तिची तिपटीतिपटीने आणि शेवटच्या पायरीवर दहापटीने वाढ होत जाते, आणि अखेर एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ भरते. गर्दीसाठी गुणाकार आणि नाव असलेल्यासाठी वेगळी पदवी, असे हे दोन निराळे तराजू. विस्कॉन्सिनमध्ये बसून नियम लिहिणाऱ्या गायगॅक्ससमोर ही गणना होती असे मला मुळीच सुचवायचे नाही. मोठे युद्ध ज्याला सांगायचे आहे त्याला हे दोन्ही तराजू जवळ ठेवावेच लागतात, एवढे मात्र दोन्हीकडे सारखे दिसते.

आता ते चार वार पुढे कुठे गेले ते पाहू. मिनेसोटात डेव्ह आर्नसन आपल्या मित्रांबरोबर ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित मुलुखातला खेळ खेळत होता. त्यात प्रत्येक खेळाडू सैन्याऐवजी एकेक पात्र चालवी, आणि इतक्या जवळून पाहिलेल्या, आवडत्या झालेल्या पात्राने एका फाशात मरावे हे कोणालाच रुचेना. आर्नसनने पुढे सांगितले आहे की यावरचा उपाय त्याने आपल्याच एका जुन्या खेळातून आणला, अमेरिकी यादवी युद्धातल्या लोखंडी युद्धनौकांच्या खेळातून: नौका एका गोळ्याने बुडत नाही, घाव साठत जातात. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नसन यांच्या नावाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाले, एका पेटीत तीन पुस्तिका, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. आणि त्यात प्रत्येक पात्राला आणि प्राण्याला हिट पॉइंट मिळाले, म्हणजे जीवाची शिल्लक, जी घावागणिक कमी होते. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एक जण सूत्रधार, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेका पात्राच्या भूमिकेत. आणि जिथे निकाल अनिश्चित तिथे फासे. या पुस्तिकांत लढवय्याच्या प्रत्येक लेव्हलला, म्हणजे कौशल्याच्या पायरीला, एक किताब आहे. चौथ्या लेव्हलचा किताब ‘हीरो’, आठव्याचा ‘सुपरहीरो’. चौथ्या लेव्हलच्या त्या हीरोची जीवशिल्लक चार फाशांनी ठरते. चार शिपायांचे बळ एका माणसाच्या देहात उतरले, आणि एका क्षणात लागायला हवे होते ते चार वार आता काळात पसरले.

रणांगणाची ही आठवण पुढेही टिकून राहिली, आणि तिचे सर्वांत देखणे रूप मला १९७८ सालच्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या एका नियमात दिसते. एका पूर्ण फाशाइतकाही जीव नसलेल्या क्षुद्र शत्रूंशी, गॉब्लिनांशी किंवा अशिक्षित गावगुंडांशी, लढताना लढवय्याला जितकी त्याची लेव्हल तितके वार मिळतात. आठव्या लेव्हलचा लढवय्या गॉब्लिनांच्या घोळक्यात शिरला की एका पाळीत आठ वार करतो. त्याच क्षणी घोळक्यामागून एखादा धिप्पाड ओगर पुढे आला, तर त्याच माणसाला त्याच तलवारीने दोन पाळ्यांत तीनच वार मिळतात. माणूस तोच, मनगट तेच, आणि समोर कोण आहे त्यावरून त्याचे माप बदलते. गॉब्लिनांपुढे तो सैन्य असतो, ओगरापुढे तो पुन्हा एकटा माणूस होतो. घोळका विरळ होत होत शेवटी एकच मोठा शत्रू समोर राहतो तेव्हा या नियमामुळे लढाईची लय आपोआप मंदावते, द्रुतातून विलंबितात यावे तशी, आणि ‘आता खरा सामना’ हे सूत्रधाराला बोलून दाखवावे लागत नाही.

वीर असा मोजला गेला; आता ड्रॅगनकडे वळू, कारण माझा सगळा जीव त्या पानांवर आहे. बाकीच्या प्राण्यांची जीवशिल्लक फासे टाकून काढतात. दहा फाशांचा प्राणी असेल तर दहा फासे टाका, येईल ती बेरीज. ड्रॅगनसाठी मात्र १९७४च्या पुस्तिकेत फासा टाकायचाच नाही. त्याला सहा वयोगट दिले आहेत, आणि वयावरून प्रत्येक फाशाचे दान ठरते: अगदी पिल्लू असेल तर प्रत्येक फाशाला एक, त्याहून थोरल्याला दोन, असे करत अतिवृद्ध ड्रॅगनला सहा. प्राण्यांच्या फाशाला तेव्हा पैलू सहाच होते. १९७७ साली ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये हा फासा आठ पैलूंचा झाला, आणि ड्रॅगनचे वयोगटही आठ झाले. इतर प्राणी दैवाच्या हाती आहेत. ड्रॅगनचे दैव म्हणजे त्याचे वय. काळाने एकेक पैलू उलटत नेऊन तो फासा मोठ्यात मोठ्या दानावर आणून ठेवलेला आहे. दहा फाशांचा तांबडा ड्रॅगन पिल्लू असताना दहा हिट पॉइंटांचा असतो आणि प्राचीन झाल्यावर ऐंशींचा. फाशांची संख्या वाढवलेली नाही. जे जन्मतः होते तेच पूर्णत्वाला गेले. वार्धक्य म्हणजे झीज, हा आपला नित्याचा अनुभव. ड्रॅगनच्या बाबतीत मात्र तो उलटा फिरवलेला, आणि तोही एका गुणाकारात! २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत वयोगट बारा होते आणि ड्रॅगनला बारा पैलूंचा फासा मिळाला. तिथे वय आणि दान यांचे जुने नाते मात्र सुटले होते, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते.

पण ड्रॅगनचे मोठेपण अंगातल्या जीवापेक्षा त्याच्या श्वासात. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी नवख्यांसाठी जी सोपी आवृत्ती संपादित केली, तिच्यात या श्वासाचा नियम असा: ड्रॅगनच्या अंगात त्या घडीला जितके हिट पॉइंट शिल्लक असतील तितकीच इजा त्याच्या श्वासाने होते, चपळाईने कोणी सावरला तर निम्मी. दिवसातून तीनदाच तो असा श्वास सोडू शकतो. ड्रॅगनची आग त्याच्या प्राणातून येते असे कवीने म्हटले असते तर आपण मान डोलावली असती; इथे ते उपमेशिवाय, शब्दशः खरे करून ठेवले आहे. पन्नास हिट पॉइंटांचा ड्रॅगन पन्नासांची आग ओकतो. आपण त्याला विसांनी जखमी केले की पुढची आग तिसांची. म्हणजे प्रत्येक घाव दोन कामे करतो, शत्रूचे आयुष्य घटवतो आणि त्याचे शस्त्रही बोथट करतो.

आणि यातून लढाईला जो आकार येतो तो तर फारच सुंदर आहे. ज्या क्षणी आपण गुहेत पाऊल टाकतो तो क्षण सर्वांत भयंकर, कारण अस्पर्श ड्रॅगनचा पहिला श्वास हाच सर्वांत मोठा. म्हणून मग एकत्र न उभे राहता पांगून उभे राहावे का, झोपेत गाठता येईल का, गोड बोलून वेळ काढता येईल का, असे सगळे विचार त्या एका श्वासाभोवती फिरू लागतात. तो सोसून जो उभा राहिला त्याला पुढे एकेक घावाबरोबर आशा दिसू लागते. भयाने सुरू झालेला प्रसंग उत्साहाकडे सरकत जातो. शेवटी मात्र ड्रॅगनपाशी श्वास उरलेला असूनही त्यात जोर उरत नाही, आणि मेजाभोवतीच्या सर्वांना त्या प्रचंड प्राण्याविषयी क्षणभर करुणाही वाटून जाते. हे तीन भाव कोणी लिहून ठेवलेले नाहीत. ‘शिल्लक’ या एका शब्दातून ते निघतात. इजा फाशांवर ठेवली असती, जशी ती नंतरच्या आवृत्त्यांत ठेवली गेली, तर मरणोन्मुख ड्रॅगनची आगही पहिल्याइतकीच प्रखर राहिली असती. त्यातही एक थरार आहे, पण तो शेवटपर्यंत एकाच पट्टीतला थरार आहे.

आकाराची गोष्ट याहून निराळी. तिसऱ्या आवृत्तीने प्राण्यांच्या आकाराच्या नऊ पायऱ्या केल्या, माणूस मधल्या पायरीवर. दर पायरीला उंची दुप्पट होते, आणि वजन आठपट: आठ ते सोळा फुटांच्या प्राण्याचे वजन दोन टनांपर्यंत, सोळा ते बत्तीस फुटांच्याचे सोळा टनांपर्यंत. ही आठपट मनातून काढलेली नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केल्या की घनफळ आठपट होते आणि हाडाचा छेद मात्र चौपटच, म्हणून राक्षसाची हाडे माणसाच्याच प्रमाणात मोठी करून चालणार नाही, हे गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात दाखवले होते, आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी, जे पुढे १९५७ साली भारतात येऊन इथलेच नागरिक झाले, १९२६च्या एका प्रसिद्ध निबंधात गोष्टीतल्या राक्षसाची मांडी त्याच्याच भाराने कशी मोडेल ते सांगितले होते. खेळातला राक्षस अर्थातच चालतो. पण तो फुकट मोठा होत नाही. मध्यम आकारातून मोठ्या आकारात गेलेल्या प्राण्याच्या बळात आठ आणि काटकपणात चार मिळवायचे, आणि चपळाईतून दोन वजा करायचे, असा नियम आहे. त्या उणे दोनात मला हाल्डेनच्या मांडीचा ठणका ऐकू येतो.

याच आकाराच्या नियमात एक कोपरा आहे जो भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. प्राणी जितका मोठा, तितके त्याला लहान लक्ष्यावर नेम धरणे अवघड आणि तितके त्याच्यावर इतरांना नेम धरणे सोपे. म्हणून एक पायरी मोठ्याला उणे एक, पुढच्याला उणे दोन, मग उणे चार, उणे आठ. आणि खाली लहानांना याच क्रमाने अधिक. गंमत अशी की हा आकडा प्राण्याच्या हल्ल्यालाही लागतो आणि बचावालाही, तोच आकडा. तेव्हा दोन महाकाय प्राणी एकमेकांशी भिडले की दोन्हीकडचे उणे आठ एकमेकांना खाऊन टाकतात, आणि नेमापुरती ती झुंज दोन माणसांच्या झुंजीसारखीच होते. दोन उंदरांचीही तशीच. आकार हा एकट्याचा गुण नव्हेच, तो दोघांमधला संबंध आहे, हे किती हळुवारपणे सांगितले आहे पाहा. माणूस त्या पर्वतप्राय झुंजीत मध्ये शिरतो तेव्हाच कोणी प्रचंड ठरतो आणि कोणी चिमुकला.

मोठ्यांच्या या कौतुकात लहानांना विसरून चालणार नाही, कारण मोठी लढाई त्यांच्याच खांद्यावर उभी असते. लहान शत्रूची अडचण अशी की नायक वाढत गेले की तो निरुपयोगी होतो. त्याचा वार लागेनासा होतो आणि तरी त्याची जीवशिल्लक मोजत बसावे लागते. २००८च्या चौथ्या आवृत्तीने यावर धीट उपाय केला. ‘मिनियन’ नावाचा एक वर्ग केला आणि त्याला एकच हिट पॉइंट दिला. त्याचा नेम त्याच्या लेव्हलला शोभेल इतका अचूक, त्याच्या वाराची इजा ठरलेली, फाशाशिवाय; पण त्याला वार लागला की तो कोसळला. आणि यासोबत एक छोटी ओळ: हुकलेला वार मिनियनला कधीच इजा करत नाही. त्या आवृत्तीत कित्येक मोठे हल्ले हुकले तरी निम्मी इजा करून जातात, आणि ही ओळ नसती तर नुसत्या झळेने मिनियनांच्या रांगा आडव्या झाल्या असत्या. त्या ओळीने त्यांना एक हक्क दिला: मारायचे तर नेम धरून मारा. आठव्या लेव्हलला ज्या ओगराचे शंभराहून अधिक हिट पॉइंट एकेक करून उतरवताना सगळ्यांचा घाम निघाला, त्याच जातीचा ओगर सोळाव्या लेव्हलच्या लढाईत मिनियन होऊन येतो. ओगर लहान झालेला नाही, नायक उंच गेले आहेत, आणि उंचावरून पाहताना तो पुन्हा गर्दीतला एक झाला आहे. विसांच्या त्या शिपायाचा हाच तर्क, फक्त या वेळी अंतर जमिनीवर मोजलेले नसून आयुष्यात मोजलेले आहे.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने दुसरी वाट धरली, आणि ती मला अधिक प्रिय आहे. तिथे नेम आणि बचाव यांचे आकडे मुद्दाम आवरून धरले आहेत, त्यामुळे नायक कितीही वाढला तरी गॉब्लिनाचा बाण त्याला लागू शकतो. मग घोळका पुन्हा घोळका म्हणून धोकादायक होतो. पण चाळीस गॉब्लिनांसाठी चाळीस फासे टाकायचे कोणी? त्यासाठी सूत्रधाराच्या पुस्तकात एक छोटेसे कोष्टक आहे. वीस पैलूंच्या फाशावर वार लागायला किती दान लागते ते पाहा. पाचपर्यंत असेल तर प्रत्येकाचा वार लागला समजा. सहा ते बारा असेल तर दर दोघांमागे एकाचा. तेरा-चौदाला तिघांमागे, पंधरा-सोळाला चौघांमागे, सतरा-अठराला पाचांमागे. एकोणीसला दहांमागे आणि वीसला विसांमागे एकाचा. बारा गॉब्लिन धनुर्धारी पूर्ण पोलादी चिलखतातल्या वीरावर बाण सोडतात; त्यांना चौदाचे दान हवे; म्हणजे तिघांमागे एक; म्हणजे चार बाण लागले, फासा न टाकता. संभाव्यतेने मांडले तर उत्तर चाराच्या किंचित वर येते, इतके हे कोष्टक काटेकोर आहे. पण मी त्यावर लुब्ध आहे ते वेगळ्या कारणाने. फासा म्हणजे संशय, आणि संशय हा एकट्याचा असतो: माझा बाण लागेल का? बारा जणांच्या बाणांत तो संशय विरून जातो. गर्दीचे नशीब सरासरीत गोठते आणि त्या सरासरीसमोर उभा असलेला एकटा वीर मात्र अजून फासा टाकतो आहे, अजून त्याच्या हातात दैव आहे. फासा कोणाच्या हाती राहिला यावरून ही कथा कोणाची आहे ते कळते. दान अगदी वीसच हवे असेल तेव्हाही विसांमागे एकाचा बाण लागतोच, ही त्या कोष्टकाची शेवटची ओळ. अजिंक्य माणसालासुद्धा ते पुरेशा मोठ्या सैन्यापुढे सुरक्षित ठेवत नाही.

सैन्ये मात्र जेव्हा हजारांची होतात तेव्हा घोळक्याचे कोष्टकही अपुरे पडते. १९८४ साली फ्रँक मेन्टझर यांच्या ‘कंपॅनियन’ संचात, जिथे नायक पंधराव्या लेव्हलपुढे जाऊन स्वतः राज्ये सांभाळू लागतात, ‘वॉर मशीन’ नावाची पद्धत आली. नेत्याची योग्यता, सैनिकांचे शिक्षण, शस्त्रास्त्रे असे सगळे आधीच तोलून प्रत्येक सैन्याचा एक आकडा ठरवून ठेवायचा. युद्धाच्या दिवशी परिस्थितीप्रमाणे त्यात बेरीज-वजाबाकी करायची, दोन्ही बाजूंनी शंभरांचे एकेक दान टाकायचे, आणि फरकावरून कोणाची किती माणसे गेली, कोण किती थकले, कोण मागे हटले ते वाचायचे. सगळ्या दिवसाचे युद्ध एका दानात. पुष्कळांना हे रूक्ष वाटते. मला त्यात राजाचा दृष्टिकोन दिसतो: वर्षभर कवायत, तिजोरी आणि रसद यांची चिंता वाहायची, आणि त्या दिवशी दरबारात बसून निरोपाची वाट पाहायची. टेकडीहूनही दूरची ही जागा, आणि राज्य करणाऱ्या पात्रांना शोभणारी.

उलट टोकाचे उदाहरण म्हणून मला २००६ सालच्या ‘रेड हँड ऑफ डूम’ या साहसकथेपाशी थांबावेसे वाटते. रिचर्ड बेकर आणि जेम्स जेकब्ज यांची ही रचना. हॉबगॉब्लिनांची एक प्रचंड सेना एल्सिर व्हेल नावाच्या खोऱ्यात उतरते आहे, तिच्या वाटचालीचा दिवसवार हिशेब सूत्रधारापाशी आहे, आणि शेवटी ब्रिंडोल शहराच्या तटापाशी निर्णायक लढाई होणार आहे. पण त्या लढाईत सैन्यांसाठी फासे टाकायचेच नाहीत. नायकांनी आधीच्या आठवड्यांत जे जे केले त्याचे विजयगुण साठत आलेले असतात. दरीवरचा पूल पाडून सेनेला खोळंबवले, त्याचे गुण. रानातल्या एल्फांशी मैत्री जोडली, त्याचे गुण. आणि प्रत्यक्ष युद्धाच्या दिवशी नायकांना तेवढेच प्रसंग खेळायचे असतात जे त्यांच्या आवाक्यातले आहेत: तटावर धोंडे फेकणारे राक्षस, शहरावर घिरट्या घालणारा तांबडा ड्रॅगन, एका रस्त्यावरचा अडसर. बाकीचे युद्ध आजूबाजूला चाललेले असते आणि त्याचे पारडे या थोड्या प्रसंगांनी आणि आधीच्या साठवलेल्या गुणांनी झुकते.

यात मोठी लढाई रणांगणाच्या रुंदीवर पसरलेली नाही, ती मागच्या आठवड्यांवर पसरलेली आहे. अडसरापाशी उभ्या असलेल्या नायकाला शेजारच्या गल्लीत काय चालले आहे ते दिसत नाही, प्रत्यक्ष लढणाऱ्याला ते कधीच दिसत नसते. पण आपल्या बाजूला एल्फांचे धनुर्धारी उभे आहेत, ते कोणी आणले, हे त्याला ठाऊक असते. या साहसकथेतला सर्वांत रमणीय धागा घोस्टलॉर्डचा. हा एक मृत्यूपलीकडे गेलेला जादूगार. त्याचा प्राण ज्या वस्तूत बांधलेला आहे ती शत्रूच्या सरदारांनी बळकावली आहे, आणि केवळ म्हणून तो आपले मृतांचे सैन्य त्यांच्यासाठी पाठवणार आहे. नायकांनी ती वस्तू शोधून, त्याच्या भयाण वस्तीत जाऊन त्याच्या हाती परत दिली, तर त्याचा त्या युतीशी संबंध संपतो. ब्रिंडोलच्या तटासमोर मग ते सैन्य येतच नाही. त्यातल्या एकाही भुतासाठी ना हिट पॉइंट काढावे लागतात, ना कोष्टक उघडावे लागते. आणि नायकांच्या विजयगुणांत मात्र त्याची नोंद होते, तटावर पाडलेल्या राक्षसांच्या नोंदीशेजारीच.